मापमावशीचं उठणं-बसणं

मापमावशीची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या डोक्यावर गादी होती आणि वरच्या मजल्यावर एका अख्ख्या खानदानाचा संहार चालला होता. निदान आवाजावरून दुसरं काही वाटणं शक्यच नव्हतं. मी त्या इमारतीत नव्यानं राहायला आलो होतो आणि सामान वर चढवत होतो. जिन्याच्या वळणावर पोचतो तो वरून गर्जना आली, "कृतघ्न." मग शांतता. त्या शांततेत जमिनीच्या पोटातून आल्यासारखा एक लांबलचक हुंकार. मग, "पातेलं नेलं ते नेलंच." पुन्हा हुंकार. जिन्याचा कठडा थरथरला, गच्चीवरची कबुतरं एकदम उडाली, आणि तळमजल्यावरचा कुत्रा, जो पुढे मला चावताना कधीही संकोचला नाही, तो शेपूट घालून फाटकाबाहेर निघून गेला. आत चार-पाच जण तरी मेले असावेत आणि उरलेला पाया पडत असावा, असा अंदाज बांधून मी गादी ढालीसारखी पुढे धरली आणि उघड्या दारातून आत शिरलो.

आत एक म्हातारी होती. एकटी. भिंतीला टेकवून ठेवलेल्या लाकडी खुर्चीत बसलेली, दोन्ही हात छातीवर घट्ट बांधलेले, चेहरा लालबुंद. ती पुढे झुकली, "समारंभात मला मागच्या रांगेत बसवलं," असं दातओठ खात म्हणाली, हात न लावता सावकाश उभी राहिली आणि तितक्याच सावकाश खाली बसली. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या पायांकडे.

"आठ नंबर," ती म्हणाली. "डावा पंजा रुंद आहे, म्हणून चप्पल बाहेरच्या बाजूनं फाटते. जरा तिकडे थांबा. अजून धाकटा दीर राहिलाय."

मी गादी धरून थांबलो. धाकट्या दिरानं बिचाऱ्यानं फार मोठा गुन्हा केला नव्हता. एकदा चहाला बोलावून स्वतः बाहेर निघून गेला होता. पण त्याच्यावर मावशी जी उठली, ती पाहून मला त्याच्या तब्येतीची काळजी वाटली.

या बाईला सगळी इमारत मापमावशी म्हणायची. कारण उघड होतं. मावशीनं आयुष्यभर एका बुटांच्या दुकानात नोकरी केली होती, आणि समोर माणूस आला की त्याच्या तोंडाआधी ती त्याचे पाय पाहायची. माणसांची नावं ती विसरायची, पण पावलं कधीच नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर तिच्या लेखी "सात नंबर, टाच घासणारे" होते, आणि घरमालक "नऊ, पण दहा मागणारा". माणसाचा स्वभाव पायात असतो आणि चेहरा हा निव्वळ दिखाऊपणा आहे, या मतावर ती ठाम होती. तिच्या घरात आरसा होता तोसुद्धा जमिनीलगत, तिरका. दुकान बंद झालं तेव्हा मालकानं आठवण म्हणून दिलेला. त्यात मावशीला गुडघ्याच्या वरचं काही दिसायचं नाही आणि तिची काही तक्रारही नव्हती.

दुकानातलं तिचं काम आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं आणि कुणीच नीट पाहिलेलं नसतं. गिऱ्हाईक गुबगुबीत खुर्चीत बसणार. ही समोर बुटक्या स्टुलावर. स्टुलाला पुढे उतरती फळी, त्या फळीवर गिऱ्हाइकाचं पाऊल. पत्र्याच्या चमच्यानं टाच आत सरकवायची, अंगठा कुठे आला ते दाबून बघायचं. मग गिऱ्हाईक म्हणणार, तपकिरी आहे का? की उठा. मागच्या खोलीत जा, शिडी चढा, खोकं काढा, या, बसा. एक माप मोठं द्या. की उठा. तोच पहिला दाखवा पाहू परत. की उठा. दुकानाच्या मालकाचा नियम असा, की गिऱ्हाइकासमोर कपाळाला आठी दिसता कामा नये. मावशीनं नियम पाळला. बसलेली असताना ती लोण्यासारखी मऊ असायची. पण उठून पाठ फिरवली, की त्या उठण्याच्या झटक्यात गिऱ्हाइकाचा उद्धार पुटपुटून घ्यायची. "घरी जेवायला वाढतात का रे तुला," असं म्हणून उभी राहायची आणि हसत हसत तपकिरी बूट घेऊन परत यायची. राग असा उठण्यातच खर्च झाल्यामुळे तिला कधी रक्तदाब झाला नाही, आणि पाय तर असे झाले होते, की दिवाळं निघालेल्या दुकानाचं लोखंडी शटर तिनं शेवटच्या दिवशी एकटीनं ओढून खाली घेतलं.

मग ती घरी बसली. आणि इथून माझ्या डोक्यात तिडीक जायला सुरुवात होते.

माणूस म्हातारा झाला रे झाला, की जगातल्या सगळ्या चांगल्या लोकांचा एक गुप्त कट सुरू होतो. त्या कटाची घोषणा एकाच शब्दाची आहे: बसा. तुम्ही बसा, मी आणते. तुम्ही कशाला उठलात, बसा. बसमध्ये बसा, बँकेत बसा, दवाखान्यात तर बसाच. पाणी हातात, औषध हातात, टीव्हीचा रिमोट हातात. कुणी ही माणसं वाईट आहेत असं म्हणून दाखवावं. सगळी प्रेमळ, सगळी संस्कारी. चोर घरात शिरला तर दागिने नेतो. हे लोक प्रेमानं येतात आणि माणसाचे पाय घेऊन जातात. आणि वर वाटेनं सांगत सुटतात, आमच्या आईंना आम्ही जागचं हलू देत नाही हो. अभिमानानं सांगतात. एखाद्याला जागचं हलू न देणं याला तुरुंगात शिक्षा म्हणतात आणि घरात सेवा.

मावशीच्या बाबतीत या कटाचा म्होरक्या होता तिचा एकुलता एक मुलगा. चिरंजीव दुसऱ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होते आणि आईवर त्यांचा जीव होता, हेच तर दुखणं होतं. लांब असल्यामुळे त्यांना सेवा करता येत नव्हती, म्हणून ते वस्तू पाठवत. स्वयंपाकघरात उभं राहावं लागू नये म्हणून उंच स्टूल आलं. कपडे वाळत घालायला जावं लागू नये म्हणून यंत्र आलं. फोनपर्यंत चालावं लागू नये म्हणून गळ्यात लटकवायचा फोन आला. पाचेक वर्षांत मावशीला उठायला एकही कारण उरलं नाही. आणि एका सकाळी मोरीत तिचा पाय सरकला. लागलं काही नाही. हाड मोडलं नाही, खरचटलंसुद्धा नाही. ती नुसती खाली बसली, आणि मग तिला उठता येईना. ज्या बाईनं सगळ्या गावाच्या पायांपाशी बसून उठून आयुष्य काढलं, ती ओल्या फरशीवर बसून राहिली. दूधवाल्याला संशय आला, त्यानं शेजाऱ्यांना बोलावलं, आणि दोघांनी बखोटीला धरून तिला उभं केलं. गळ्यातला फोन बाहेर खुंटीला होता. आंघोळीला जाताना माणूस फोन गळ्यात घालून जात नाही, हे तो बनवणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

चिरंजीव धावत आले आणि येताना एक खुर्ची घेऊन आले. ती मी नंतर प्रत्यक्ष पाहिली आहे. तिला बटण होतं. बटण दाबलं की खुर्चीची बैठक मागून वर यायची आणि आत बसलेल्या माणसाला हळूहळू पुढे ओतायची, शेवटचा भात पातेल्यातून ताटात ओतावा तसं. तिच्यात बसून मावशीनं एकदाच बटण दाबलं आणि समोरच्या टीपॉयवर जाऊन आदळली. त्यानंतर त्या खुर्चीवर धुतलेल्या चादरी ठेवल्या जात. पण खुर्चीपेक्षा वाईट होता तो चिरंजीवांचा निर्णय: आईनं आता एकटं राहायचं नाही. त्यांच्या घरी तळमजल्यावर मागच्या बाजूला एक खोली तयार होती. पलंगाजवळ घंटी बसवली होती. काही लागलं की घंटी वाजवायची, उठायचं नाही.

मावशीला त्या घंटीची धडकी भरली. आपण म्हातारपणी दुकानातलं गिऱ्हाईक होणार, असं ती म्हणायची. गुबगुबीत खुर्चीत बसायचं आणि तपकिरी आहे का म्हणून विचारायचं. तिनं मुलाशी घासाघीस केली, आणि अखेर दोघांमध्ये करार ठरला. उन्हाळ्याच्या सुट्टीत चिरंजीव परत येतील. त्यांच्यासमोर मावशीनं साध्या खुर्चीतून हात न लावता उठून दाखवायचं आणि जिना उतरून चढून दाखवायचा. जमलं, तर तो विषय कायमचा बंद. नाही जमलं, तर सामान बांधायचं.

इस्पितळातून एक व्यायाम शिकवणारी बाई आली. ती मात्र बसा म्हणाली नाही, हे तिच्या नावे जमा. तिनं घरातल्या घरात करायचे चारच प्रकार दाखवले. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, म्हणजे ती मागे सरकत नाही; पावलं जरा मागे घ्यायची, पुढे झुकून उठायचं, आणि खाली येताना धपकन पडायचं नाही, सावकाश बसायचं, कारण उठण्याइतकीच ताकद बसण्यात असते. ओट्याला बोटं टेकून टाचा वर-खाली करायच्या. खुर्चीची पाठ धरून पाय बाजूला उचलायचा. बसल्या जागी गुडघा सरळ करून थोडा वेळ धरायचा. सुरुवातीला कुणीतरी जवळ असू द्या, चक्कर आली तर थांबा, आणि मोजत करा, असं सांगून ती गेली.

मोजण्यापाशीच सगळं अडलं. मावशीच्या डोक्यात आकडे म्हणजे मापं. पाच म्हटलं की तिला शाळेचे काळे बंदवाले दिसायचे. सहा म्हटलं की तिचा हात आपोआप वरच्या फळीकडे जायचा. सातला तर ती थांबायचीच, कारण सात नंबर नेहमी संपलेला असायचा. आकड्यांनी उठता येईना, तेव्हा एक दिवस ती खुर्चीत चरफडत बसली असताना तिला मोठ्या नणंदेनं नेलेलं पातेलं आठवलं, आणि ती ताडकन उभी राहिली. म्हणजे ताडकन नाही, पण राहिली. मग तिनं जाऊबाई आठवून पाहिल्या. तेव्हाही उठली. जुनी सवय शरीराला ओळखीची निघाली: बसताना मऊ, उठताना राग.

तेव्हापासून व्यायाम असा चालू झाला. खुर्चीवर नातेवाईक. ओट्यापाशी टाचा उचलताना जुनी गिऱ्हाइकं, विशेषतः एक बाई, जिनं दुकानातले सगळे बूट घालून पाहिले आणि बुटांचे नुसते बंद विकत घेऊन गेली. पाय बाजूला उचलताना शेजारी. मी पुस्तकांची खोकी घेऊन राहायला आल्यावर लवकरच माझाही नंबर लागला. एका सकाळी भिंतीपलीकडून मला स्पष्ट ऐकू आलं, "पुस्तकवाला, पाण्याची मोटर चालू ठेवून झोपतो." मला राग आला, पण मोटर मी खरंच चालू ठेवली होती. आणि मावशीचा उजवा पाय माझ्यामुळे चांगला तयार होतोय, हे कळल्यावर मी तिला अधूनमधून नवीन कारणं पुरवू लागलो. तिच्या दारासमोर चप्पल आडवी काढायची, इतकंच. समाजसेवेचा एवढाच प्रकार मला आजवर नीट जमला आहे.

अडचण वेगळीच आली. पाय जसे बळावत गेले, तशी माणसं कमी पडू लागली. खानदान काही रबरासारखं ताणता येत नाही. मावशीनं मेलेले नातेवाईक काढले, मग नवऱ्याच्या आजोळची माणसं काढली, मग बातम्या देणारी बाई, मग हवामान सांगणारा. त्यातच एके दिवशी धाकट्या दिराचा फोन आला. पडल्याचं ऐकलं, यायला जमलं नाही, चुकलंच माझं वहिनी, म्हणाला आणि त्या जुन्या चहाबद्दलही त्यानं माफी मागितली. मावशी फोन ठेवून माझ्याकडे आली तेव्हा चेहरा पडलेला. दीर बरा बोलला हो, म्हणाली. आता त्याच्या जागी कुणाला बसवू? मी सुचवलेलं एकही नाव तिला पुरेसं जड वाटलं नाही. ती म्हणाली, एक मोठा राग तिनं अजून वापरलेलाच नाही. तो ती परीक्षेसाठी राखून ठेवतेय. कोणाचा, ते विचारायची गरज नव्हती.

सुट्टी लागली आणि चिरंजीव सूनबाईंसह आले. मी घरात बसून अंदाज घेत होतो तोच मावशीनं मला बोलावणं पाठवलं, साक्षीदार हवा म्हणून. गेलो. चिरंजीव मला वाटले होते तसे नव्हते. स्थूल, घामाघूम, भला माणूस. मावशीनं दारातच त्यांचे बूट एक माप मोठे आहेत म्हणून सुनावलं होतं आणि सुरुवात बरी झाली होती. चिरंजीव त्या लाकडी खुर्चीकडे पाहत होते. मग ते एकदम आईसमोर जमिनीवर बसले.

त्यांनी सांगितलं, की ती मोरीत पडली त्या सकाळी ते सारखा फोन लावत होते. कुणी उचलत नव्हतं. ऑफिसात बैठक होती, ते मधूनच उठून जिन्यात आले आणि तिथेच उभे राहिले. "मला वाटलं तू गेलीस," ते म्हणाले. "तिथल्या तिथे मी ठरवलं, की तू सापडलीस तर परत तुला नजरेआड करायचं नाही. तुझं ऐकायला हवं होतं, ते डोक्यातच आलं नाही." आणि एवढा मोठा माणूस आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडला.

मी मावशीकडे पाहिलं. तिचा चेहरा लोण्यासारखा झाला होता. दुकानात बसलेली असताना व्हायचा, तसा. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. महिनोन् महिने जपून ठेवलेला तो मोठा राग माझ्या डोळ्यांदेखत विरघळून चालला होता आणि मला तो धरून ठेवता येत नव्हता. या प्रेमळ लोकांचं हेच असतं. घ्यायचं ते ऐन वेळेला घेतात.

सूनबाई म्हणाल्या, आई, राहू द्या ना आज, उद्या बघू. पण मावशी खुर्चीत सरसावून बसली. पावलं मागे घेतली. हात छातीवर बांधले. पुढे झुकली आणि तोंड उघडलं. शब्द आला नाही. ती अर्धवट उठली आणि परत बसली. पुन्हा झुकली. तिनं हळूच नणंदेचं पातेलं पुटपुटून पाहिलं, पण त्या पातेल्याचं आता बूड गेलेलं होतं. परत बसली. मी माझ्या परीनं समोरच्या पायपुसण्यावर चप्पल आडवी टाकून पाहिली. तिनं बघितलंसुद्धा नाही.

तेव्हा चिरंजीव उठले. डोळे पुसले, आईच्या मागे गेले, तिच्या दोन्ही बखोटींत हात घातले आणि जगातल्या सगळ्यात प्रेमळ आवाजात म्हणाले, "जाऊ दे आई. तू बस."

मावशी हलली नाही. मग मान न वळवता म्हणाली, "हात काढ."

त्यांनी काढले.

"बस म्हणे," मावशी म्हणाली आणि उभी राहिली. सरळ, एका दमात, कुठेही न धरता. तिनं कुणाचंच नाव घेतलं नाही. ते एकच वाक्य पुरलं. मग ती दारातून बाहेर पडून जिन्यानं खाली निघाली. कठड्याला बोट लावलं तेवढंच, व्यायामवाल्या बाईनं तशी मुभा दिली होती. आम्ही मागोमाग. खाली फाटकाला हात लावून ती वळली आणि चढू लागली. चढताना ती बोलत होती, आणि आम्हाला तिघांनाही नीट ऐकू येत होतं. स्टूल कुणी मागितलं होतं. यंत्र कुणी मागितलं होतं. मी काय कुंडीतलं झाड आहे. वळणावर तिला बटणाची खुर्ची आठवली आणि तिथून पुढे तिच्याबरोबर चढणं कुणालाच जमलं नाही. ती दारात जाऊन उभी राहिली तेव्हा चिरंजीव एक मजला खाली छाती धरून धापा टाकत होते.

ते कसेबसे वर पोचले, कपाळावरचा घाम पुसत दाराला टेकले. मावशीनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, म्हणजे तिच्या पद्धतीनं खालपासून खालपर्यंत. "आता तू बस," ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

करार पाळला गेला. चिरंजीवांनी घंटी काढून टाकली, बटणाची खुर्ची दुसऱ्या कुणाला देऊन टाकली, आणि फोनवर ते पुन्हा त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. इमारतीत मावशीचा दरारा इतका वाढला, की वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर स्वतः भिंतीला खुर्ची लावून बसू लागले आणि जुन्या शिक्षणाधिकाऱ्यांना आठवून उठू लागले. मी येईल-जाईल त्याला ही हकिगत सांगत असे, आणि सांगताना माझा आवाज चढत असे.

पुढच्या वर्षी मावशी आपणहून मुलाकडे राहायला गेली. तिकडे नळाला पाणी चांगलं येतं, म्हणाली.